म्हातारा, थेरडा, वडील, ज्येष्ठ : वार्धक्याच्या शब्दांत दडलेली दोन हजार वर्षे

१/ 'म्हातारा' हा शब्द आज आपण कोणाच्या तोंडावर उच्चारत नाही. बसमध्ये जागा देताना 'आजोबा, बसा' म्हणतो, अर्जावर 'ज्येष्ठ नागरिक' असे लिहितो. पाठीमागे बोलताना मात्र 'म्हातारा' सहज तोंडी येतो. साधारण बाराशे वर्षांपूर्वी हाच शब्द, आपल्या मूळ रूपात, राजांच्या ताम्रपटांत मानाने कोरला जात होता. असे का घडले? वार्धक्यासाठी आपण रोज वापरत असलेल्या शब्दांच्या इतिहासाचा हा धागा. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

२/ राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांपासून सुरुवात करू. आठव्या ते दहाव्या शतकांत दख्खनवर राज्य करणारे हे घराणे. राजा एखादे गाव दान देई तेव्हा त्या दानाची वर्दी कोणाकोणाला द्यायची याची एक ठरलेली यादी ताम्रपटात असे. राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट अशा अधिकाऱ्यांची नावे येत येत शेवटी येतात ते 'महत्तर'. महत् म्हणजे मोठा; महत्तर म्हणजे अधिक मोठा. गावातील वजनदार कुटुंबांचे हे प्रमुख. अ. स. आळतेकर यांनी राष्ट्रकूटांवरील आपल्या १९३४ च्या ग्रंथात या महत्तरांच्या गावकारभारातील स्थानाची चर्चा केली आहे.

३/ आता 'महत्तर' भराभर म्हणून पाहा. 'मह' चा 'म्ह' होतो. 'त्त' मधील एक 'त' गळतो आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबतो. शेवटी मराठीचा लाडका 'आ' लागतो. झाला 'म्हातारा'. हे ध्वनिबदल अपघाती नाहीत. प्राकृतातून मराठीत येताना शेकडो शब्द याच वाटेने आले आहेत. 'म्हेत्रे', 'म्हात्रे' यांसारखी आडनावेही अनेक अभ्यासक याच महत्तराशी जोडतात. म्हणजे एकाच शब्दाची एक शाखा आडनाव होऊन प्रतिष्ठेने नांदली आणि दुसरी वयाला चिकटून हळूहळू खाली उतरली.

४/ येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. 'महत्तर' या शब्दात वय नाही. त्यात आहे ते स्थान. गावातील महत्तर बहुधा वयस्क असत, कारण कुटुंबप्रमुखपद वयाबरोबर येई. पुढे महत्तरांची ती व्यवस्था गेली, अधिकार पाटील-कुलकर्ण्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला आणि जुन्या शब्दाजवळ उरले ते फक्त पांढरे केस. पद गेले, वय राहिले. हा साचा लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

५/ दुसरा शब्द याहून जुना आणि आज याहून बोचरा : 'थेरडा'. याचे मूळ संस्कृत 'स्थविर'. स्था म्हणजे उभे राहणे. स्थविर म्हणजे स्थिर झालेला, भक्कम, आणि म्हणून वयोवृद्ध. पालीत त्याचा 'थेर' झाला. बौद्ध संघात थेर ही अधिकृत ओळख होती. उपसंपदा घेऊन दहा वर्षे झालेला भिक्षू थेर, वीस वर्षे झालेला महाथेर. ज्येष्ठता जन्मापासून मोजत नसत. दीक्षेनंतर किती वर्षावास पूर्ण झाले यावरून मोजत. चाळिशीत दीक्षा घेतलेल्या माणसाला वयाने लहान असलेला थेर वंदनीय असे. 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' असे आपण म्हणतो. संघात हे पावसाळे खरोखरच मोजले जात.

६/ थेरांचा हा शब्द आपल्या डोंगरांत कोरलेला आहे. लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांत मुख्य चैत्यगृहापासून जवळच चौदा लहान स्तूपांचा एक समूह आहे. तेथे राहून गेलेल्या भिक्षूंच्या स्मरणार्थ ते उभारले. काहींवर ब्राह्मी लिपीत नावे आहेत. धम्मगिरी, संघदिन अशी. नावाआधी मानाने लिहिलेला शब्द 'थेर'. पुढच्या वेळी भाज्याला गेलात, तर चैत्यगृहाचे छायाचित्र काढून लगेच परतू नका. ज्या शब्दाने आज आपण कोणाला तरी हिणवतो, तो शब्द तेथे दगडात आदराने कोरलेला पाहून या.

७/ थेरांप्रमाणे थेरीही होत्या. 'थेरीगाथा' हा भिक्षुणींच्या गाथांचा संग्रह. जगातील स्त्रियांच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहांत त्याची गणना होते. त्यात वैशालीच्या अंबपालीची रचना आहे. एकेकाळी सौंदर्यासाठी प्रसिद्ध असलेली ही स्त्री स्वतःच्या म्हातारपणाकडे केसांपासून पायांपर्यंत, एकेक अवयव घेऊन पाहते : आधी कसा होता, आता कसा झाला. तिच्या बोलण्यात ना लाज आहे, ना तक्रार. वार्धक्याबद्दल स्वतः म्हाताऱ्या स्त्रीनेच बोलावे, हे आपल्या इतिहासात फार वेळा घडलेले नाही. म्हणून ही रचना मोलाची.

८/ मान वयाला द्यायचा की योग्यतेला, हा वादही तितकाच जुना. धम्मपदात म्हटले आहे की डोके पांढरे झाले म्हणून कोणी थेर होत नाही. तसा माणूस नुसता 'मोघजिण्ण', म्हणजे फुकट जीर्ण झालेला. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात जवळजवळ हेच विधान आहे. फक्त 'थेर' च्या जागी 'वृद्ध' आहे. एकमेकांशी न पटणाऱ्या दोन परंपरांना ही गोष्ट सारख्याच शब्दांत सांगावीशी वाटली. याचा अर्थ असा की केवळ पिकलेल्या केसांच्या बळावर मान मागणारी माणसे तेव्हाही होती आणि त्यांच्याबद्दलची कुरबूरही होती. जाता जाता : 'जिण्ण' म्हणजे जीर्ण, आणि आपला 'जुना' त्याच घराण्यातला.

९/ मग थेराचा थेरडा कसा झाला? मराठीत 'ड' लागून शब्द लहान होतो, लाडका होतो किंवा तुच्छ होतो. 'थेर' ला लागलेला 'डा' तुच्छतेचा आहे. पण प्रत्यय आपण होऊन लागत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील लेण्यांत संघ नांदत होता, व्यापारी त्याला दाने देत होते, तोवर थेर या शब्दामागे एक संस्था उभी होती. पुढे विहार ओस पडले. शब्द लोकांच्या तोंडी राहिला, पण त्याला मान देणारे कोणी उरले नाही. पद गेले, वय राहिले. त्यात 'डा' येऊन मिळाला.

१०/ सगळेच शब्द घसरले असे मात्र नाही. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, तो कोरला गेला. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या पराक्रमाचे वर्णन करून ती हे लेणे भिक्षुसंघाला देते. लेखात तिचे बिरुद येते 'महाराजमाता, महाराजपितामही'. राजाची आई आणि राजाची आजी. दरबाराची भाषा ही.

११/ पण त्याच लेखात पुढे, लेण्याच्या सजावटीसाठी नातू एक गाव दान देतो. कारण काय, तर आजीची सेवा करावी, तिला आनंद द्यावा, ही इच्छा. आणि येथे 'पितामही' हा भारदस्त शब्द बाजूला राहतो. येतो तो 'अयका'. मूळ 'आर्यका', म्हणजे आदरणीय स्त्री. पालीत 'अय्यका', म्हणजे आजी. आपली 'आजी' याच कुळातली आहे. 'आजा', 'आजोबा', 'आजोळ' ही सारी याच गोतातली मंडळी. दख्खनच्या अधिपतीने दगडात घरगुती शब्द कोरून घेतला, आणि त्याचा वंशज आजही आपल्या घरात ऐकू येतो.

१२/ महत्तर आणि थेर घसरले, अयका टिकली. का? माझ्या मते फरक आधाराचा आहे. महत्तर आणि थेर या शब्दांचा मान बाहेरच्या संस्थेवर उभा होता. संस्था गेली की शब्द निराधार झाला. आजीचे नाते मात्र प्रत्येक पिढीत नव्याने तयार होते. नातवंड जन्मले की आजी होतेच. तिला ताम्रपट लागत नाही. म्हणूनच आज अनोळखी वृद्ध व्यक्तीशी आदराने बोलायचे तर आपण नात्याचा शब्द उसना घेतो : आजी, आजोबा, मावशी, काका, बाबा.

१३/ आता 'वृद्ध'. वृध् म्हणजे वाढणे. वृद्ध म्हणजे वाढलेला. 'वाढ', 'वाढणे', 'वृद्धी' ही याच कुटुंबातील. नाशिकच्याच लेण्यांत उषवदाताच्या लेखात श्रेणींकडे ठेवलेल्या रकमेच्या व्याजाला 'वधि', म्हणजे वृद्धी, म्हटले आहे. मुद्दल राहते तसे राहून त्यावर वाढत जाते ते व्याज. वृद्ध या शब्दातही हीच कल्पना आहे : आयुष्यावर साठत गेलेले काही. म्हणूनच संस्कृतात 'वयोवृद्ध', 'ज्ञानवृद्ध', 'तपोवृद्ध' असे समास होतात. वाढलेला खरा, पण कशाने? हे वेगळे सांगावे लागे. आज आपण पहिला अर्थ तेवढा ठेवला आणि बाकीचे विसरलो.

१४/ पाणिनीकडे तर याहून विलक्षण व्यवस्था आहे. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात गोत्रनामांचे नियम आहेत. गर्गाचा नातू गार्ग्य. पण त्याच्या पुढच्या पिढीतील पुरुषाचे घरातील वडीलधारे हयात असतील, तर त्याला म्हणायचे गार्ग्यायण, आणि व्याकरणाच्या परिभाषेत तो 'युवा'. थोरला भाऊ जिवंत असेल तरी धाकटा युवाच. म्हणजे पन्नाशीचा गृहस्थही, डोक्यावर मोठे माणूस असेपर्यंत, युवा. 'वडील आहेत तोवर आपण लहान' असे घरोघर म्हणतात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपास व्याकरणकाराने त्याचे सूत्र केले होते.

१५/ मराठ्यांच्या इतिहासातील 'थोरला' हा शब्दही असाच फसवा. 'थोरले माधवराव' म्हटले की डोळ्यांपुढे पोक्त गृहस्थ उभा राहतो. प्रत्यक्षात त्यांचा जन्म १७४५ चा आणि मृत्यू १७७२ चा. थेऊरला देह ठेवला तेव्हा वय अवघे २७. थोरले बाजीराव गेले तेव्हा ३९ वर्षांचे होते. पुढे सवाई माधवराव आणि दुसरे बाजीराव झाले, म्हणून हे थोरले. येथे थोरला म्हणजे क्रमाने आधीचा. आणखी एक खुलासा : थोर आणि थेर भाऊ वाटले तरी भाऊ नव्हेत. थोर आला 'स्थूर', म्हणजे जाड, भरभक्कम, यावरून.

१६/ याच काळातील सर्वांत महत्त्वाचा शब्द 'वडील'. प्राकृत 'वड्ड' म्हणजे मोठा. हिंदीतला 'बडा' त्याचाच भाऊ. ज्ञानेश्वरीत (शके १२१२) 'वडील' म्हणजे समाजातील मोठी माणसे. आज तो मुख्यतः बापासाठी राहिला. पण मधल्या काळात, वतनांच्या कागदांत, 'वडीलपण' हा चक्क हक्क होता. पाटिलकीचे वतन भावांत विभागले की प्रश्न येई : वडीलपण कोणाचे? कागदावर नाव आधी कोणाचे, नांगराची निशाणी कोण करणार, होळीची पोळी आधी कोणाची, पोळ्याला बैल पुढे कोणाचा, विडा-टिळा आधी कोणाला. या प्रश्नांवर गोतसभा बसत, महजर होत, पिढ्यान् पिढ्या भांडणे चालत.

१७/ आणि येथेच 'पूर्वी म्हाताऱ्यांना काय मान होता!' या लाडक्या समजुतीला धक्का बसतो. वडीलपण वयावर मिळत नव्हते. ते शाखेवर मिळे. थोरल्या शाखेतील वीस वर्षांचा मुलगा धाकट्या शाखेतील सत्तरीच्या चुलत्याच्या आधी टिळा घेई. घरातील सर्वांत वयस्क व्यक्ती विधवा स्त्री असली, तरी वडीलपणाची निशाणी बहुधा तिच्या हातून होत नसे. ज्यांच्याकडे वतनच नव्हते, त्या उपऱ्या कुळांना, घरातील बटकी-कुणबिणींना म्हातारपण येई. वडीलपण येत नसे. मान होता, हे खरे. पण तो हक्काला होता. वय त्या हक्काच्या सावलीत उभे होते.

१८/ संस्कृत-प्राकृताबाहेरून आलेल्या शब्दांतही हीच गोष्ट दिसते. फारसीतील 'बुजुर्ग' म्हणजे मोठा, आणि त्यावरून वयस्क. महसुली दप्तरांतून हा शब्द गावांच्या नावांना चिकटला आणि मराठी तोंडात त्याचा 'बुद्रुक' झाला. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द, आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द. बुद्रुक मोठे, खुर्द लहान. 'पीर' या फारसी शब्दाचा मूळ अर्थ म्हातारा माणूस. 'शेख' या अरबी शब्दाचाही तोच. एकाचा अर्थ झाला सूफी गुरू, दुसऱ्याचा आदरणीय पुढारी. 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या नावात हा मान आजही आहे. थेर उतरला, पीर चढला. दोघांचा मूळ अर्थ मात्र एकच.

१९/ इंग्रजीनेही आपल्याला असाच एक शब्द दिला आणि तो आपण दिवसातून पन्नासदा वापरतो : 'सर'. लॅटिनमध्ये 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा, 'सेनिओर' म्हणजे अधिक म्हातारा. त्याचे फ्रेंचमधून झिजत झिजत इंग्रजी 'सर' झाले. विद्यापीठाची 'सिनेट' म्हणजे मुळात म्हाताऱ्यांची सभा. तिशीतल्या प्राध्यापकांना आपण 'सर' म्हणतो तेव्हा व्युत्पत्तीच्या हिशेबाने त्यांना 'म्हातारबुवा' म्हणत असतो. त्यांनी मनावर घेऊ नये.

२०/ आतापर्यंतच्या एकाही शब्दात आकडा नव्हता, हे ध्यानात आले का? मनुस्मृती वानप्रस्थाची वेळ सांगते ती खुणांनी : अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस, आणि नातवाचे तोंड. आकडा येतो तो पंचांगातून. प्रभव ते क्षय हे ६० संवत्सरांचे चक्र. माणूस साठ वर्षांचा झाला की जन्माच्या संवत्सराचे नाव पुन्हा येते, म्हणून साठीशांत. हजार पौर्णिमा पाहायला जवळपास ८१ वर्षे लागतात, म्हणून सहस्रचंद्रदर्शन. साठीला एकीकडे शांत आणि दुसरीकडे 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण. नाठी म्हणजे नष्ट. एकाच आकड्याभोवती गौरव आणि चेष्टा शेजारी शेजारी नांदतात.

२१/ वयाच्या आकड्याला कायद्याचे बळ दिले ते आधुनिक राज्याने. पेशवाईत लढाईत पडलेल्यांच्या कुटुंबांना 'बालपरवेशी' मिळे. तिचा संबंध मृत्यूशी होता, वयाशी नव्हता. १८८९ मध्ये जर्मनीने कामगारांसाठी वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाचा कायदा केला आणि वय ठरवले ७०. ब्रिटिश हिंदुस्थानात सरकारी नोकर साधारणपणे ५५ व्या वर्षी घरी बसे. त्यातून मराठीला नवी माणसे मिळाली : 'पेन्शनर'. पुण्याला तर 'पेन्शनरांचे गाव' हे नावच पडले. काल साहेब असलेला माणूस एका ठरलेल्या तारखेला 'निवृत्त' होतो. पद जाऊन वय उरण्याची जी क्रिया 'महत्तर' शब्दाला शतके लागून झाली, ती आता एका दिवसात होऊ लागली.

२२/ या सगळ्यात स्त्रीची बाजू वेगळी पाहायला हवी, कारण भाषा तिच्याशी अधिक कठोर वागली. 'म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो' ही म्हण आपण कोणत्याही चर्चेत सहज वापरतो. तिच्यातील पहिला अर्धा भाग थांबून ऐका. म्हातारी मेल्याचे दुःख नसणे हे तिथे गृहीत धरलेले आहे. वादाचा मुद्दा दुसराच आहे. पुरुषाला बदफैलीपणाचा टोमणा 'म्हातारचळ' म्हणून मिळतो. पण त्याला निदान 'बुजुर्ग', 'पितामह', 'भीष्माचार्य' हे मानाचे पर्यायही आहेत. स्त्रीच्या वाट्याला आलेले असे शब्द मोजून पाहा. नात्याची आजी सोडली, तर यादी फार लवकर संपते.

२३/ शब्दाचा मान प्रदेशागणिकही बदलतो. विदर्भात 'बुढा-बुढी' आणि खानदेशात 'डोकरा-डोकरी' घरच्या माणसांसाठी मायेने वापरले जातात. पुण्यात तेच शब्द उद्धट वाटतील. गोव्यातील ख्रिस्ती कोंकणी घरांत आजोबा 'शापाय' आणि आजी 'शामाय'. साठीनंतर नवराच बायकोला 'आमची म्हातारी' म्हणतो तेव्हा त्यात अपमान नसतो. आणि म्हातारपण थेट न उच्चारता सांगण्याच्या किती तऱ्हा : 'आई आता थकली', 'वय झालं', 'उतारवय', 'पिकलं पान'. जरा चावट माणूस असेल तर 'गोवऱ्या मसणात गेल्या'. यांतील 'थकली' हा मला सर्वांत मराठी शब्द वाटतो. त्यात आयुष्यभराच्या कामाची कबुली आहे.

२४/ आता आजचा शब्द : 'ज्येष्ठ नागरिक'. ज्येष्ठ म्हणजे सर्वांत मोठा; पाणिनीने त्याला 'वृद्ध' चेच तमवाचक रूप मानले आहे. जोडशब्द मात्र भाषांतरित. मूळ इंग्रजी प्रयोग अमेरिकेत १९३० च्या दशकात रूढ झाला. आपल्याकडे १९९९ मध्ये वृद्धांसाठीचे राष्ट्रीय धोरण आले आणि २००७ मध्ये 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम'. या कायद्याने व्याख्या केली : ६० वर्षे पूर्ण झालेला भारताचा नागरिक. महाराष्ट्रात २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना एसटीचा प्रवास मोफत आहे; त्यांना नाव मिळाले 'अमृत ज्येष्ठ नागरिक'.

२५/ हा कायदा वाचताना मला वतनाचे कागद आठवतात. त्याच्या २३ व्या कलमानुसार, 'माझा सांभाळ करशील' या अटीवर ज्येष्ठाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. मुलांकडून निर्वाहखर्च मागण्यासाठी न्यायाधिकरण आहे. असा कायदा करावा लागला, यातच घराघरांत काय घडत होते ते आले. पण फरकही पाहा. वडीलपण थोरल्या शाखेच्या पुरुषाला होते. हा हक्क विधवेला आहे, भूमिहीनाला आहे, मोलकरणीला आहे. साठ पावसाळे पाहणे एवढीच अट. आपल्या इतिहासात वयाला, केवळ वयाला, मिळालेला हा जवळजवळ पहिलाच हक्क.

२६/ संख्येचाही विचार करा. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानातील सरासरी आयुर्मान सुमारे २० वर्षे होते. बालमृत्यू प्रचंड, त्यात १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. म्हातारी माणसे तेव्हाही होती, पण थोडी. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढचे लोक १० कोटींहून अधिक होते. आजी-आजोबांना नातवंडे मोठी झालेली पाहता येणे ही एकेकाळी दैवाची कृपा होती. आज ती सर्वसाधारण गोष्ट झाली. म्हणजे इतक्या म्हाताऱ्या माणसांना हाक मारण्याची वेळ मराठीवर याआधी कधी आलीच नव्हती.

२७/ मग 'ज्येष्ठ' चे पुढे काय होईल? आताच 'काय ज्येष्ठ नागरिक!' असा टोमणा मित्रामित्रांत ऐकू येतो. महत्तर आणि थेर याच वाटेने गेले. दोन हजार वर्षांचा पुरावा एवढेच सांगतो की शब्द आपल्या बळावर मान टिकवत नाही. त्यामागे काही उभे असावे लागते : गावकीतील जागा, संघातील आसन, वतनाची निशाणी, किंवा कायद्याचे कलम. कागदावरचे कलम प्रत्यक्षात मिळाले, तर 'ज्येष्ठ' टिकेल. न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवूनही पदरी काही पडले नाही, तर त्यालाही एक दिवस 'डा' लागेल.

२८/ इतिहास वाचणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट. जुन्या कागदात 'वडील', 'थोरला', 'वृद्ध', 'बुजुर्ग' असा शब्द दिसला की लगेच पांढरी दाढी डोळ्यांपुढे आणू नका. आधी विचारा : हे वय आहे, क्रम आहे की हक्क? एवढ्या एका प्रश्नाने कित्येक महजर आणि शिलालेख वेगळे वाचता येतात. आणि घरातील थकलेल्या माणसांना त्यांच्या लहानपणी म्हाताऱ्यांसाठी कोणते शब्द होते ते विचारा. कोशात न आलेले बरेच काही त्यांच्या बोलण्यात सापडते. तुमच्या भागातले असे शब्द खाली जरूर लिहा; गावाचे नाव आणि शब्द कोण कोणासाठी वापरते, हेही लिहा. धागा समाप्त.